लिव्हरचा पेशंट म्हणून बाजेवर पाडून ठेवू नका
आमच्या इकडे कोणाचं लिव्हर खराब झालं म्हटलं की अर्धं गाव सांगायला येते, बाप्पा आता वावरात जाऊ नको, आराम कर. मोठेबाबांना सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसायचा आजार, निघालं तवा हेच झालं. बाजेवर बसून बसून मांड्या अशा वाळल्या का धोतर कमरेवर थांबेना, अन् काट्यावर वजन मात्र तेवढंच! पोटात पाणी असलं की असंच फसते, मांस झडते अन् पाणी भर काढते.

हे मांस लय कामाचं आहे. रक्तातला अमोनिया साफ करणं लिव्हरचं काम, ते थकलं की स्नायू थोडंफार सांभाळून घेतात, तेही गेले तर अमोनिया डोक्यात चढते, मग माणूस दिवसा झोपते, रात्री जागते, काहीबाही बोलते.

म्हणून चालायचं, पण डॉक्टरला विचारून, अन् आधी दुर्बीण टाकून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून घ्यायच्या. जोर लावला की त्या शिरांवर दाब येते, फुटल्या तर रक्ताची उलटी. युरियाचं 45 किलोचं पोतं उचलणं बंद म्हणजे बंद. त्यापेक्षा खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दमलं की थांबायचं. मोठेबाबा पहिले म्हणे हा काय व्यायाम आहे का, मग पाचव्या उठबशीलाच मांड्या थरथरल्या. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. प्रोप्रानोलॉल (त्या शिरांमधला दाब कमी करायची गोळी) चालू असलं तर नाडी फारशी वाढतच नाही, ते घड्याळातले ठोके पाहू नका.

उपाशीपोटी मात्र नाही. सिरोसिसमध्ये एका रात्रीचा उपास म्हणजे चांगल्या माणसाचा दोनतीन दिवसांचा, साठाच नसते ना लिव्हरमध्ये. झोपायच्या आधी दूध-पोळी नाहीतर फुटाणे द्या. अन् ते वरण बंद करा सांगणारे लोक, त्यांना नमस्कार! किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन लागते.

ताप, काळी शी किंवा बरळणं दिसलं तर चालणं सोडून सरळ दवाखाना.

मार्चपासून ऊन चढायच्या आत फिरून यायचं, अन् घाम आला म्हणून लगेच मीठ-साखरेचं पाणी पाजू नका. पोटात पाणी असणाऱ्याला मीठ कमी सांगितलेलं असते, लोणचं-पापडही त्यातच आलं, मोठीआई अजून चोरून वाढते ते वेगळं.