ॲरिझोनाच्या जंगलात फुकट तंबू ठोकायचा तर

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या शेजारी, दुपारी अजून भट्टी पेटलेली असते. आई साताऱ्याहून आली होती, तिला ग्रँड कॅन्यन दाखवायचं होतं, आणि तिथल्या पार्कातलं कॅम्पग्राउंड कधीच भरून गेलं होतं. हॉटेलांचे दर बघून तोही विचार सोडला. मग जे करायचं तीन वर्षं नुसतं मनात घोळत होतं, ते करायचं ठरलं: कॅन्यनच्या अलीकडच्या राष्ट्रीय वनात, कच्च्या रस्त्याच्या कडेला दोन रात्री मुक्काम. आम्ही दोघं, ९ वर्षांची लेक आणि ६७ वर्षांची आई. सर्वपित्री अमावास्या त्याच शनिवार-रविवारी येत होती, म्हणजे आकाश काळंकुट्ट मिळणार होतं. पितृपक्षात कसला प्रवास, असं आई म्हणेल अशी मला धास्ती होती. ती म्हणाली, "तुझे आजोबा अर्धं आयुष्य रानातल्या खोपीत झोपले. त्यांना चालेल."

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते. नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. पार्क सरकारच्या इंटीरियर खात्याकडे, तर फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. ही संस्था १९०५ सालची, आणि तिच्या ताब्यात देशभर १५४ राष्ट्रीय वनं आहेत. पार्कात ठरलेल्या जागेबाहेर तंबू लावला तर दंड होतो. फॉरेस्टमध्ये बहुतेक ठिकाणी, मनाई नसेल तिथे, तुम्ही राहू शकता. त्याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. आरक्षण नाही, पैसे नाहीत. पाणी, संडास, कचरापेटी, टेबल यातलंही काही नाही. आम्ही राहिलो त्या दोन वनांत ३० दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. त्यातलं फ्लॅगस्टाफ शहराच्या भोवतालचं जंगल कोकोनीनो नॅशनल फॉरेस्टचं आणि कॅन्यनच्या दक्षिणेला टुसायान गावाभोवतीचं कायबाबचं. दोन्हींचे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून प्रत्येक वनाचं पान वेगळं वाचावं लागतं.

आता खरा मुद्दा: जागा शोधायची कशी? व्हॉट्सॲपवर कुणीतरी नकाशावरची पिन पाठवतं आणि आपण तिच्या मागे जातो. मीही तेच केलं, आणि पहिली रात्र त्यातच गेली.

शुक्रवारी ऑफिस उरकून निघायला साडेपाच वाजले. आय-१७ हायवेवर फिनिक्समधून बाहेर पडणाऱ्यांची रांग. फ्लॅगस्टाफ घरापासून जेमतेम १६० मैल, पण चढ ६,००० फुटांच्या आसपास. पोहोचलो तेव्हा गाडीतलं तापमान बघून बायकोने बॅगेतून स्वेटर बाहेर काढले. पुढे १८० नंबरच्या हायवेने ९ मैल, मग डावीकडे फॉरेस्ट रोड २४५, तिथून ३ मैलांवर १७१. पिन दाखवत होती त्या जागी आधीच पाच-सहा गाड्या, एक जनरेटर आणि भलीमोठी शेकोटी. पुढे एक फाटा दिसला, तिथे वळलो. अंधारात चाकोरी खोल खोल होत गेली, आमच्या मिनीव्हॅनचं पोट दोनदा घासलं, आणि उलटं फिरायलाही जागा नव्हती. शेवटी बायको टॉर्च घेऊन खाली उतरली आणि तिच्या इशाऱ्यावर मी दीडशे फूट गाडी मागे घेतली. मुख्य रस्त्याला लागून एक सपाट जागा दिसली, तिथेच साडेदहाला तंबू उभा केला. लेक मेतकूट-भात खाता खाता झोपली.

पहाटे जाग आली ती हंबरण्याने. तंबूच्या चारी बाजूंना गाई. आम्ही एका टँकपासून शंभर पावलांवर झोपलो होतो. टँक म्हणजे इथे गुरांसाठी मातीचा बांध घालून केलेलं तळं, आपल्या गावतळ्यासारखं. ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे अशा पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, जनावरांची वाट अडेल असा तंबू लावता येत नाही. मला हा नियम ठाऊक होता, अंधारात तळं दिसलं नव्हतं इतकंच. पण गाईला त्याचं काय? कोरड्या मुलखात कोसभर चालून ती पाण्यावर येते आणि तिथे आपण. आईने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "ऊठ आधी. जनावराच्या पाण्यावर बसू नये." चहा न घेताच सामान आवरलं आणि अर्ध्या मैलावर दुसरी जागा शोधली. उजेडात ती सापडायला दहा मिनिटं लागली.

पाठोपाठ जाणाऱ्यांना म्हणून मी सर्वांत आधी हे सांगेन: सूर्य मावळायच्या किमान दोन तास आधी जंगलात शिरा. उशीर होणार असेल तर पहिली रात्र हॉटेलात काढा.

दुसरं म्हणजे नकाशा. प्रत्येक राष्ट्रीय वन ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ काढतं आणि तो फुकट मिळतो. २००५ च्या एका नियमानंतर हे नकाशे निघू लागले. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे ते यातच कळतं. नकाशात नसलेला रस्ता समोर कितीही ठसठशीत दिसला तरी तो बंद समजायचा. नकाशा काळा-पांढरा, रुक्ष, डोंगर-झाडं काही नाही, त्यामुळे पहिल्यांदा उघडला की कंटाळा येतो. पण काही रस्त्यांच्या कडेने बारीक टिंबांची ओळ दिसते. ती टिंबं म्हणजेच आपली जागा. त्या पट्ट्यात गाडी रस्त्यापासून ठरावीक अंतर आत नेऊन मुक्काम करता येतो. ते अंतर नकाशाच्या तक्त्यात दिलेलं असतं, आमच्या भागात ३०० फूट होतं. टिंबं नसलेल्या रस्त्यावर गाडी कडेलाच, साधारण ३० फुटांत, उभी करायची आणि तंबू पायी पुढे नेऊन लावायचा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ॲव्हेन्झा नावाच्या ॲपमध्ये तो उघडला की नेटवर्क नसतानाही आपण कुठे आहोत ते निळ्या ठिपक्याने दिसतं. छापील प्रत रेंजर ऑफिसात, म्हणजे वनाच्या स्थानिक कचेरीत, मिळते. ती घेताना ‘पावसाने कुठला रस्ता खराब झालाय?’ एवढं विचारलं की इंटरनेटवर न मिळणारी माहिती मिळते.

तिसरी गोष्ट मला शनिवारी सकाळी एका वयस्कर शिकाऱ्याने सांगितली आणि ती सोन्यासारखी आहे. रस्त्याच्या नंबराची पाटी आडवी लिहिलेली असेल तर रस्ता साध्या गाडीला झेपेल असा राखलेला असतो. आकडे एकाखाली एक, उभे लिहिलेले असतील तर तो उंच गाड्यांचा रस्ता. आदल्या रात्री आम्ही वळलो त्या फाट्यावर परत जाऊन बघितलं. पाटी उभीच होती. भाड्याची गाडी असेल तर करारही वाचा. पुष्कळ करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, आणि तिथे काही बिघडलं तर सगळा खर्च तुमच्यावर.

नवी जागा मात्र काय सांगू! पाँडेरोसा पाइनची उंच झाडं, खाली सुकल्या सुयांची गादी. जून झाडाची साल केशरी होते, आणि उन्हात तापली की तिच्या भेगेत नाक घातल्यावर व्हॅनिलाचा वास येतो. लेक सकाळभर एकेका झाडाला मिठी मारून वास घेत हिंडत होती. झाडांमधून सॅन फ्रान्सिस्को पीक्स दिसत होती. त्यातलं सर्वांत उंच हम्फ्रीज पीक १२,६३३ फुटांचं. इथल्या मूळनिवासी नवाहो आणि होपी लोकांना हे डोंगर पवित्र आहेत. हे कळल्यावर आईने चपला काढून हात जोडले.

जागा निवडताना तिची नजर माझ्यापेक्षा पक्की निघाली. जावळीच्या डोंगरात वाढलेली बाई. मी सपाट, मऊ मातीची खोलगट जागा पसंत केली होती. ती म्हणाली, "इथे पाणी साचणार. माती फुटलीय बघ." खरंच, सुकलेल्या चिखलाच्या पापड्या होत्या. ॲरिझोनातही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर तो धरतात आणि दुपारी ढग फुटतात. ओली झाली की इथली चिकणमाती टायरांत अशी भरते की फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, गाडीही नुसती घसरते. म्हणून उंचवटा शोधा, आधीच कुणी राहून गेलेली टणक जागा शोधा, नवं गवत तुडवू नका. वर मेलेली फांदी लटकत नाही ना ते बघा, आणि दुपारी ढग दाटले तर पाऊस सुरू व्हायच्या आत खडीच्या रस्त्यावर या.

शनिवारी जवळच लाव्हा रिव्हर केव्ह केली. १७१ वरूनच फाटा आहे. लाव्ह्याने तयार झालेलं हे भुयार पाऊण मैल लांब, आणि आत भर उन्हाळ्यातही ५-६ अंश सेल्सिअस. प्रत्येकाला दोन दिवे आणि स्वेटर हवाच. आई तोंडाशीच बसली, उतरताना दगड फार आहेत.

दुपारी १८० ने व्हॅले गावामार्गे ६४ नंबरच्या हायवेवर आलो आणि टुसायानच्या दक्षिण टोकाला पूर्वेकडे जाणाऱ्या फॉरेस्ट रोड ३०२ वर शिरलो. कॅन्यनला फुकट मुक्काम करायचा तर हा रस्ता लक्षात ठेवा. सुरुवातीच्या मैलभरात गर्दी असते आणि दिवसा हेलिकॉप्टरांची घरघर येते. आणखी आत गेलं की माणसं विरळ होतात. आम्ही साडेतीनला पोहोचलो, टिंबांचा पट्टा नकाशात बघितला, तिसऱ्या जागेवर सगळ्यांचं एकमत झालं. तंबू लावून कॅन्यनवर सूर्यास्ताला गेलो आणि अंधारात परत आलो, पण आता वाट ओळखीची होती. रात्री हायवेवर हळू चालवा. एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, अचानक आडवे येतात आणि नर ३०० किलोंच्या वरचा असतो.

सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ. रात्री नर ओरडतो तो आवाज आधी खालच्या पट्टीत, मग चढत चढत कर्कश शिट्टी, शेवटी खोकल्यासारखे हुंकार. आईने मला हलवून उठवलं, "कोण शीळ घालतंय रे?" मग आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. एकाला दुसरा उत्तर देत होता, मध्ये सगळं रान गप्प. वर आकाशगंगा झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरलेली. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. याच दिवसांत शिकारीचाही हंगाम असतो, तेव्हा फिरताना भडक केशरी टोपी घाला.

आता व्यवस्थेचं. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. आम्ही ५ गॅलनचे दोन कॅन नेले, म्हणजे ३८ लिटर, ते पुरले. कॅन्यन व्हिलेजमध्ये बाटल्या भरून घेता येतात. मेदर कॅम्पग्राउंडजवळ पैसे टाकून अंघोळ आणि कपडे धुण्याची सोय आहे. रात्री तापमान शून्याच्या जवळ जातं, उंची ७,००० फुटांच्या आसपास आहे. खाणं गाडीत बंद ठेवा.

शौचाचं मोकळेपणाने लिहितो, कारण आई-वडिलांना न्यायचं की नाही हे अनेकांचं इथेच अडतं. खड्डा ६ ते ८ इंच खोल, पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट दूर, नंतर मातीने बुजवायचा. गुडघे दुखत असतील तर झाकणाची बादली, तिच्यावर बसायची सीट आणि आत पावडरवाल्या पिशव्या मिळतात. पिशवी बांधून कचऱ्यात टाकायची. त्यासाठी छोटा उभा तंबू नेला होता, आई निर्धास्त होती. टॉयलेट पेपर मात्र वेगळ्या पिशवीत परत आणा. तो जाळू नका, चुकूनही. जून २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला पाइपलाइन फायर नावाची वणव्याची आग लागली, ती एका मुक्कामी आलेल्या माणसाने टॉयलेट पेपर जाळून दगडाखाली सारला त्यातून. साडेसव्वीस हजार एकर जळालं, आणि उघड्या पडलेल्या उतारांवरून पुढच्या पावसात गावातल्या घरांपर्यंत पूर आला. ते काळे बुंधे हायवेवरून अजून दिसतात. मी दरवेळी बघतो आणि पोटात कालवतं.

शेकोटीचे नियम आठवड्यागणिक बदलतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तपासा. मे-जूनमध्ये बहुधा बंदी असते, आणि फ्लॅगस्टाफला लागून असलेल्या काही पट्ट्यांत मुक्काम आणि शेकोटी वर्षभर बंद आहे. बंदीतही बंद-चालू करायची कळ असलेली गॅसची शेगडी सहसा चालते. आम्ही शेकोटी केलीच नाही. भाजणीचं पीठ नेलं होतं, थालीपिठं शेगडीवर झाली. करणार असाल तर विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, आणि हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका.

सेडोना गावाजवळच्या ५२५ नंबरच्या फॉरेस्ट रोडवर पूर्वी कुठेही राहता यायचं. गर्दी, कचरा आणि वाट्टेल तिथे घातलेल्या गाड्यांमुळे आता तिथे फक्त नेमून दिलेल्या जागा उरल्या आहेत. म्हणून मी ३०२ वरची आमची जागा पिन करून कुणाला पाठवत नाही. मित्रांनाही नकाशा कसा वाचायचा एवढं दाखवतो. टिंबं शेकडो मैल आहेत.

रविवारी सकाळी कॅन्यन बघून डेझर्ट व्ह्यू रस्त्याने ग्रँडव्ह्यू पॉइंटच्या पुढे उजवीकडे फॉरेस्ट रोड ३१० वर वळलो. दीडेक मैलावर १९३६ साली उभारलेला ८० फुटी पोलादी टेहळणी मनोरा आहे, वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला. लेक आणि बायको वर चढल्या. मेक्सिकोपासून युटापर्यंत जाणारी ८०० मैलांची ॲरिझोना ट्रेल ही पायवाट याच्या पायथ्याशी येते. मनोऱ्याच्या आसपासही राहायला शांत जागा आहेत, पुढच्या खेपेला तिथेच.

निघताना आधीच्या कुणीतरी टाकलेले कॅन आणि एक फाटकी खुर्ची गाडीत भरली. कचऱ्यासाठी जाड पिशव्या दोन जास्तीच्या न्या. आणि गुरांच्या कुंपणाचं फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद सोडा. परतताना रविवारी दुपारी आय-१७ दक्षिणेकडे तुंबतो. फ्लॅगस्टाफहून बाराच्या आत निघालात तर उजेडात घरी पोहोचून तंबू वाळत घालता येतो.