आईचे निवृत्तिवेतन आणि अमेरिकेतले ग्रामीण गृहकर्ज

आयोवा राज्यातील पौशीक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), राजधानी डि मॉइनपासून पूर्वेला सुमारे पन्नास मैलांवर असलेल्या ग्रिनेल या गावाजवळ, २०२४ साली आम्ही घर घेतले. हाताशी मोठी शिल्लक नसल्याने अमेरिकी कृषी खात्याची हमी असलेले ग्रामीण गृहकर्ज, ज्यात घराच्या किमतीचा कोणताही हिस्सा आधी भरावा लागत नाही, हाच मार्ग आम्हाला परवडणारा होता. कृषी खात्याचे नाव ऐकून आईला ते पीककर्जच वाटले. प्रत्यक्षात या कर्जाचा शेतीशी संबंध नाही. उलट आम्हाला आधी आवडलेल्या घराच्या आवारातील काही एकर जमीन शेजाऱ्याला मक्यासाठी खंडाने दिलेली होती, आणि उत्पन्न देणारी मालमत्ता या योजनेत बसत नाही म्हणून ते घर सोडावे लागले.

जागेची पात्रता खात्याच्या संकेतस्थळावरील नकाशात पत्ता टाकताच कळते. ग्रिनेलची लोकसंख्या दहा हजारांच्या आत असल्याने तिथे अडचण नव्हती. आम्हा दोघा नवरा-बायकोंकडे कायम वास्तव्याचे ग्रीन कार्डही होते. नोकरीसाठीच्या तात्पुरत्या एच-१बी व्हिसावर असतो, तर हा विचारही करता आला नसता.

खरा प्रश्न उत्पन्नाचा निघाला. चार माणसांपर्यंतच्या कुटुंबासाठी आमच्या काउंटीत त्या वर्षी वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा १,१२,४५० डॉलर होती. माझा आणि पत्नीचा पगार मिळून १,०६,१०० डॉलर होत असल्यामुळे मी निश्चिंत होतो. मात्र कर्ज देणाऱ्या बँकेतील अधिकारी बाईंनी घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे उत्पन्न मागितले, मग ती व्यक्ती कर्जदार असो वा नसो. आमच्याकडे कायमची राहायला आलेल्या आईला, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्यामुळे, दरमहा २७,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचे वर्षाला सुमारे ३,९०० डॉलर झाले. एकोणीस वर्षांचा मुलगा महाविद्यालयात शिकत असताना किराणा दुकानात काम करून ७,८०० डॉलर मिळवत होता. बेरीज १,१७,८०० वर गेली आणि आम्ही अपात्र ठरतो की काय, अशी धास्ती वाटू लागली.

तोडगा नियमातच होता. पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्या प्रौढ मुलाच्या कमाईतील फक्त पहिले ४८० डॉलर तेव्हा धरले जात आणि अवलंबित म्हणून त्याच्यासाठी तेवढीच वजावटही मिळत असे. महाविद्यालयाचे नोंदणीपत्र दिल्यावर त्याची कमाई हिशेबातून जणू नाहीशी झाली आणि आकडा १,१०,००० वर आला. आईच्या बाबतीत मात्र अशी सवलत नव्हती. तिच्या पासबुकातील नोंदींचा इंग्रजी अनुवाद करून द्यावा लागला.

मला सर्वांत विचित्र वाटले ते पुढचेच. हप्ता फेडण्याची ऐपत तपासताना आई आणि मुलगा कर्जदार नसल्यामुळे त्यांचा एक पैसाही धरला नाही. म्हणजे आम्ही मर्यादेपेक्षा श्रीमंत आहोत का हे पाहताना चौघांचे उत्पन्न, आणि कर्ज झेपेल का हे पाहताना दोघांचेच. या दोन वेगळ्या बेरजा आहेत, हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते, तर माझ्या दोन रात्रींची झोप वाचली असती.

घराचा सौदा २,१०,००० डॉलरला ठरला. एकूण कर्जावरचे एक टक्का हमी शुल्क कर्जातच मिळवल्याने मूळ रक्कम २,१२,१२१ डॉलर झाली. शिवाय शिल्लक कर्जावर दरवर्षी ०.३५ टक्के शुल्क असते, जे पहिल्या वर्षी हप्त्यात दरमहा सुमारे ६२ डॉलरची भर घालते. खरेदीचा इतर खर्च आम्ही साठवलेल्या पैशांतून केला. बँकेच्या मंजुरीनंतर फाइल खात्याच्या कार्यालयाकडे हमीसाठी जाते. हा टप्पा साध्या गृहकर्जात नसतो, त्यामुळे विक्रेत्याकडून मुदत थोडी जास्तच मागून घ्यावी.

हमीपत्राची वाट पाहत असताना आईचे नवे निवृत्तिवेतन जमा झाले. त्यात महागाई वाढ आणि तिची थकबाकी असल्याने रक्कम एकदम फुगलेली होती, आणि नेमके तेव्हाच बँकेने ताजे पासबुक मागितले. थकबाकी एकदाच मिळालेली आहे, हे मी लेखी कळवले. दरमहाची खरी वाढ साडेसातशे रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला शंभराहून थोडे अधिक डॉलर निघाली, आणि पुढच्याच आठवड्यात हमीपत्र आले.