संकष्टी झाल्यावर बघू

परवा दुपारी मोगऱ्यातून मांजा सोडवत बसले होते. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, सरलेलं, गच्च्यांवरचे भोंगे बंद, उंधियूची पातेली घासून पालथी पडलेली. दोन दिवस 'काइपो छे' म्हणून बोंबलल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्या बडोद्याचाच घसा बसतो. आमच्या मोगऱ्यात दरवर्षीप्रमाणे गुलाबी मांजाचं जाळं, एक फाटका पतंग आणि कुणा पोराच्या बोटावरून निसटलेली चिकटपट्टी. मांजा ओढला की फांदी येते, फांदी धरली की मांजा बोटात रुततो. शेवटी वैतागून सिकेटर आणलं आणि मांजासकट फांद्या उडवल्या. निम्मं झाड खाली आल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर मोगऱ्याची छाटणी झाली!

आमच्या अण्णांची पद्धत हीच. मोगरा ते मुद्दाम उत्तरायणापर्यंत ठेवायचे. "नाहीतरी मांजा काढायला झाडात शिरायचंच आहे, मग एकाच आंघोळीत दोन्ही कामं," म्हणायचे. मुहूर्तही चुकत नसे, कारण थंडीत मोगरा पेंगलेला असतो. आधी काही दिवस त्याचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग फांद्या निम्म्यावर आणायच्या, बुंध्याची माती हलवून शेणखत घालायचं आणि तेव्हा कुठे पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुन्या फांद्यांवर माया ठेवली तर उन्हाळाभर नुसता पाला बघत बसावं लागतं. तीन आठवडे तो काड्यांचा खराटा दारात उभा असायचा आणि येणारा-जाणारा हळहळायचा, 'मेला का हो मोगरा?' अण्णांना हा प्रश्न फार आवडे. ते उत्तर देत नसत. होळीनंतर माठात टाकायला ओंजळभर फुलं त्यांच्या घरी पाठवत.

अण्णांची ही विद्या पुस्तकातली नव्हती. रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरायला जायचे आणि फिरायचं सोडून माळ्यांमागे उभे राहायचे. तिथलं ते फुलांचं घड्याळ आम्हा मुलांना आवडायचं. अण्णांना मात्र काटे फिरतात याचं काही नव्हतं. काट्यांना अडकणार नाहीत इतकी बुटकी झाडं बारा महिने ठेवायची म्हणजे किती कातरावी लागत असतील, हा त्यांचा विषय. १८७९ सालची ही बाग. पुढे १८९३ मध्ये क्रुंबीगल नावाचे एक जर्मन बागतज्ज्ञ बडोदा संस्थानच्या बागा सांभाळायला आले. मग म्हैसूर संस्थानात गेले, बंगळूरच्या लालबागेत त्यांचं नाव झालं. मला आपलं नेहमी वाटतं, या गृहस्थांना इथे छाटणीचा मुहूर्त कोण सांगत असेल? त्यांना आमच्या आजीसारखं कुणी भेटलं नसणार. नाहीतर ते पहिल्याच वर्षी निघून गेले असते.

आजीचे नियम असे. तिन्हीसांजेला झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात. अमावास्येला नाही. शनिवारी आपण नखं काढत नाही, मग झाडाची कशी काढायची? हे झाले वारापुरते. श्रावण लागला की मंगळागौरीच्या पत्री, मग हरितालिका, मग गणपती, मग नवरात्रातल्या माळा. म्हणजे आषाढ संपल्यापासून दसऱ्यापर्यंत कातर माळ्यावर. अण्णा बिचारे कालनिर्णयच्या चौकोनांत दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी बारीक अक्षरात 'मो.', 'गु.', 'अ.' असं लिहून ठेवत आणि आजी चष्मा पुसून ती तारीख कुठल्या तिथीवर येते ते बघे.

गंमत म्हणजे गुलाबाचं या भानगडीत कधी बिघडलं नाही. गुलाब कापायचा तो पाऊस पुरता गेल्यावर, ऑक्टोबरात, म्हणजे साधारण दसऱ्याच्या मागे-पुढेच. आधी वाळक्या, मग आत वळलेल्या, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या आणि उरलेल्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या, पाव इंच वर, तिरक्या कापायच्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापावर मोरचूद-चुन्याचा लेप. तो लेप कालवायचं काम माझं. प्लॅस्टिकच्या डब्यात, लोखंडाला मोरचूद खातं म्हणून लाकडी काडीनं. त्या निळ्या रंगापायी मी शाळेचा फ्रॉक वाया घालवलाय. दीड-पावणेदोन महिन्यांनी फुलं यायची, म्हणजे बरोबर मार्गशीर्षातल्या गुरुवारांना. आजीला वाटे, देवीनं आणली.

नाशिकहून मामा आला की आमच्या या सोहळ्याला हसायचा. त्याची द्राक्षं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. पहिल्या छाटणीनं वेलीत काडी तयार होते, दुसरीनं त्या काडीला घड लागतात. "तुमचं चुकलं तर देवाला एक फूल कमी," म्हणायचा, "माझं चुकलं तर पोरांची फी." तरी जाताना एक गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचाच. 'गोडी छाटणी' हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. कापण्याला इतकं चांगलं नाव दुसरं कुणी दिल्याचं ऐकलं नाही.

कुंपणाची मेंदी हे अण्णांचं मुक्त कुरण होतं. तिला तिथी नाही, वार नाही. वाढली की कातर. आषाढात शेजारच्या गुजराती मुलींचं गौरीव्रत असे. पाच दिवस अळणी खायचं, शेवटच्या रात्री जागायचं. त्यांना मेंदी लागायची म्हणून अण्णा नेमके त्याच सुमाराला कुंपण कातरायचे. पोरी ओच्यात पाला भरून न्यायच्या. मला ते अळणी खाणं सोडून बाकी सगळ्याचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी आजी पाट्यावर वेगळी मेंदी वाटायची, पण व्रताशिवायची मेंदी रंगत नाही असं त्या मुलींनी मला सांगून ठेवलं होतं. आणि खरंच, माझी नेहमी फिकीच यायची.

एकदा अण्णा गावाला गेलेले असताना मी उत्साहानं ऐन थंडीत अनंत छाटला. छान गोल केला. अनंताच्या कळ्यांची तयारी आदल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच झालेली असते, हे मला कोण सांगणार? त्याला हात लावायचा तो बहर ओसरल्याबरोबर, नंतर नाही. त्या उन्हाळ्यात एक फूल नाही. अण्णा रागावले नाहीत. पुढच्या कालनिर्णयवर 'अ.' पुढे त्यांनी फक्त एक उद्गारचिन्ह काढलं.

आणि जास्वंद. जास्वंदीची गोष्ट वेगळी. तिलाही नव्या फुटीवरच फूल, त्यामुळे थंडी सरली की, फेब्रुवारीत, खुशाल निम्मी करावी. पण दक्षिणेच्या खिडकीशी असलेली ती लाल जास्वंद म्हणजे आजीच्या गणपतीचं खातं. अण्णा कातर घेऊन निघाले की आजी ओट्यावरून म्हणे, "परवा संकष्टी आहे. संकष्टी झाल्यावर बघू." संकष्टी झाली की विनायकी. ती झाली की माघातली गणेशजयंती. मग एखादी अंगारकी. संकष्टी दर महिन्याला येते आणि जास्वंदही बारा महिने फुलते, म्हणजे कापायला मोकळा दिवस असा नाहीच. झाड वाढत वाढत छज्जाला लागलं. बुंध्याशी मिलीबगची पांढरी कीड, फुलं सगळी शेंड्यावर. आजी आकडीनं फांदी वाकवून परडी भरायची आणि अर्धी फुलं वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून हात काढून तोडून न्यायच्या. आजीला ते माहीत होतं. त्याही गणपतीलाच वाहायच्या, त्यामुळे बोलता येत नसे.

आता माझ्याकडे सोसायटीचा माळी येतो. तोही जास्वंदीपाशी थांबतो आणि म्हणतो, "बेन, कापशो तो ज आवशे." कापाल तरच फुलं येतील. मला कळतं. मोगऱ्याला मी दयामाया दाखवली नाही, तेही कळतं. पण उमललेली पाच फुलं समोर असताना उद्याच्या पन्नासांसाठी ती पाडायची, हे माझ्याच्यानं होत नाही. आळस म्हणा हवं तर.

आजी शेवटच्या हिवाळ्यात त्याच खिडकीशी खाटेवर होती. जानेवारीतलं ऊन दक्षिणेकडून कलतं येतं, खोलीत थेट भिंतीपर्यंत जायला हवं. पण मध्ये जास्वंद. एका दुपारी तिनं अण्णांना हाक मारली आणि म्हणाली, "अरे, काप ती जास्वंद. ऊन येत नाही माझ्यावर."

इतक्या वर्षांनी परवानगी मिळाली होती. अण्णांनी माळ्यावरची कातर काढली, तेल दिलं, फडक्यानं पुसली. अंगणात जाऊन झाडाखाली उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ ते वर बघत होते. मग आत आले, कातर कोपऱ्यात ठेवली आणि खाट उचलून उन्हात सरकवायला मला हाक मारली.

"चार दिवसांवर संकष्टी आहे, आई," ते म्हणाले. "झाल्यावर बघू."