चैत्यभूमीला आलात, तर गोराईचा पॅगोडा करावा का?

सहा डिसेंबरला विदर्भातून पाहुणे आले की चैत्यभूमीच्या रांगेतच विषय निघतो. उद्याचा दिवस हाताशी आहे, तर गोराईला जाऊन तिथला विपश्यना ध्यानाचा पॅगोडा बघून यायचं का? यंदा अकोल्याहून आलेल्या आत्याला आणि तिच्या मुलाला मी घेऊन गेलो. अर्धा दिवस खरोखर मोकळा असेल तर जरूर जा, असं माझं मत झालं आहे. त्याच संध्याकाळी परतीची गाडी असेल, तर मात्र हट्ट धरू नका.

दादरहून बोरिवली फास्ट लोकल घ्या. बोरिवली पश्चिमेहून रिक्षाने किंवा बसने गोराई खाडी गाठायची. तिथे नीट लक्ष द्या, कारण एक बोट गोराई गावाला जाते आणि दुसरी पॅगोडाच्या धक्क्याला. तिकीट काढण्याआधी ‘पॅगोडाचीच ना?’ एवढं विचारून घ्या, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता तेही तेव्हाच. बोटीत चढता-उतरताना म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो. गुडघे फारच दुखत असतील तर भाईंदर-उत्तनवरून गाडी थेट जाते. वळसा मोठा आहे, पण चढउताराचा त्रास वाचतो.

सोनेरी कळस बोटीतूनच दिसतो. ब्रह्मदेशातल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर हा बांधलाय. त्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या रंगूनला, १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. हे सांगितलं तेव्हा आत्याने नकळत हात जोडले. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ती विद्या घेऊन भारतात आले. त्या देशाचं ऋण म्हणून पॅगोडाला हे रूप दिलं. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. घुमटाखाली एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत खाचा अडकवून बसवलेत आणि आतला व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाच्या दुपटीहून जास्त. सुमारे आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात.

पण तुम्ही त्या आठ हजारांत नसाल, हे आधीच माहीत असू द्या. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेल्या साधकांनाच आत बसता येतं, बाकीच्यांनी काचेतून पाहायचं. आत्या काचेला कपाळ टेकवून आत बघत होती. ‘एवढ्या लांब आलो न् आत सोडत नाहीत?’ तिचा आवाज जड झाला होता. बुद्धांचे अस्थिधातू त्या घुमटातच वर ठेवलेत, त्यामुळे तिची ओढ मला कळत होती. तिच्या मुलाने इगतपुरीला शिबिर केलंय, तो आत जाऊन बसला. तुमच्यात असं कुणी असेल तर फाटकावरच सांगा, आणि त्याला घाई करू नका.

मग मी आत्याला आनापानच्या छोट्या सत्राला नेलं. हे नवख्यांसाठी असतं आणि फुकट असतं. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. सुरुवातीला तिची बोटं पदराचं टोक चाळवत होती, थोड्या वेळाने ती थांबली. बाहेर आल्यावर ती काचेबद्दल काही बोलली नाही. इगतपुरीला नाव कसं नोंदवायचं, हे विचारत होती. माझ्या मते हे सत्र चुकवलं तर एवढी खेप करण्यात अर्थ नाही. नुसता फोटो काढायला जाणार असाल, तर तो वेळ दादरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर घालवा.

बुद्धांच्या जीवनावरची चित्रं आहेत, तीही सावकाश बघण्यासारखी. प्रवेशाला पैसे नाहीत. वर अनवाणी फिरावं लागतं आणि दुपारी दगड तापतो, म्हणून मोजे जवळ ठेवा आणि सकाळीच पोचा. परतताना बोरिवलीहूनच सुटणारी लोकल धरली तर बसायला मिळतं. विदर्भाची गाडी असेल तर दादरला उतरून मध्य रेल्वेकडे जायचंय, सामान घेऊन पूल ओलांडायचाय. पॅगोडातून निघताना हातात तीन तास तरी ठेवा.