शेवटचं पान आहे ना, ते आधी बघा

वाचनाची नोंद, महिना चौथा. आकडे आधी सांगून टाकते. अकरा पुस्तकं पूर्ण, दोन तिसाव्या पानावर सोडून दिली, आणि एक असं की ते ‘वाचून झालं’ म्हणायचं की नाही हे मलाच ठरवता येत नाहीये. त्याची गोष्ट पुढे येईल.

मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेजात असताना आठवड्याला एक कादंबरी पडायची. मग नोकरी लागली, मोबाइल आला, आणि सात वर्षं काही नाही. पुस्तकं विकत घेणं चालूच होतं म्हणा. दर एक जानेवारीला ‘हे वाचायलाच हवं’ असं काहीतरी सातशे पानी काढायचं आणि संक्रांतीच्या आत मिटायचं. त्यातल्या एका ऐतिहासिक कादंबरीत कदंबच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. परवा उघडून बघितलं तर तिकिटावरची शाई पार उडालेली, नुसता कोरा कागद. खूण मात्र होती तिथेच, पान ४३.

खरी सुरुवात चवथीच्या साफसफाईत झाली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं बांधायची लाकडी चौकट, काढायला माळ्यावर चढले, तर कोपऱ्यात काकाची पत्र्याची ट्रंक. आत साठेक रहस्यकथा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाचं जे होतं ते झालेलं, बुरशीचा वास आणि कसरीने खाल्लेल्या कडा. बऱ्याच पुस्तकांवर म्हापशातल्या एका भाड्याच्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. ती परत का केली नाहीत असं विचारलं की काका पावसाबद्दल बोलायला लागतो. लायब्ररीवाल्याने पुठ्ठा घालून अशी जाड शिलाई मारलीय की आतल्या बाजूचे शब्द शिलाईत गडप. पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरलं तरच ओळ पुरी वाचता येते. आणि दोन्ही हात अडकले की फोन घेता येत नाही! माझ्या चार महिन्यांच्या यशातला निम्मा वाटा त्या शिलाईचा आहे.

उरलेला निम्मा लेखकांचा. ही पुस्तकं रोजच्या भाड्यावर चालायची, म्हणजे वाचकाने आज नेऊन उद्या परत आणून दुसरं मागितलं पाहिजे, असा हिशेब. तो हिशेब पानापानावर दिसतो. शंभराच्या आसपास पानं, पहिल्या पानावर प्रेत, माणसं मोजकी, संवाद भरपूर, आणि प्रकरण संपतं तिथे कुणाच्या तरी खांद्यावर मागून हात पडतो. बाबुराव अर्नाळकरांचे रहस्यकथानायक झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टी वाचताना मला हसू येत होतं, तरी पान उलटत होते. भाषा जुनी, योगायोग ढीगभर, बायका एकतर बेशुद्ध पडतात नाहीतर विष घालतात. तक्रार करत करत तीन संपवली. वाईट लिहिलेलं पण वाचायला लावणारं पुस्तक आणि उत्तम लिहिलेलं पण पान ४३ वर थांबलेलं पुस्तक, यांत सध्या तरी मी पहिलं घेईन.

वेळेचं म्हणाल तर माझं गणित फेरीबोटीवर चालतं. घर चोडणला, ऑफिस पणजीत. रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत स्कूटर लावायची, फोन डिकीत टाकायचा, पुस्तक काढायचं. मांडवी ओलांडेपर्यंत चार पानं होतात, रांगेत थांबावं लागलं तर दहा. नवी रो-रो बोट (गाड्या एकीकडून चढतात, दुसरीकडून उतरतात ती) आल्यापासून रांग पटकन सरकते. सगळा चोडण गाव खूश आहे, माझी मात्र सहा पानं गेली. पहिल्या आठवड्यात तर चार पानांत दोनदा डोकं वर निघायचं आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागायचा. तिसऱ्या पुस्तकाला हे थांबलं. वेग आधी परत येतो, सबुरी नंतर. वर्णन आलं की अजूनही डोळा घसरून पुढच्या अवतरणचिन्हावर जातो.

ती सबुरी थोडी आणली नारायण धारपांनी. भयकथेत वर्णन गाळून चालत नाही, कारण भीती तिथेच बसलेली असते. ‘लुचाई’ वाचली. ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे माहीत होतं, पण त्या रात्री वीज गेल्यावर त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नाही. मागच्या परसात माडाचं झावळं पडलं आणि मी आईच्या खोलीत जाऊन झोपले. वय विचारू नका.

त्यानंतर सुहास शिरवळकर. आधी एक-दोन रहस्यकथा, मग ‘दुनियादारी’. सिनेमा २०१३ सालीच बघितला होता, त्यामुळे पुढे काय होणार ते कळतच होतं, तरी तीन दिवसांत संपवली. खून नाही, प्रेत नाही, कट्ट्यावरच्या गप्पा आहेत, आणि तरी पुढे वाचायला लावते. शंभर पानांवरून मोठ्या कादंबरीवर उडी मारायची असेल तर ही पायरी मजबूत आहे.

आता ते एक पुस्तक. ट्रंकेतलंच. मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. बंगला, म्हातारा जमीनदार, विष, सहा संशयित. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर घेतलं ते चहा थंड होईपर्यंत उठलेच नाही. पान ९४ वर इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, दार लावून घेतो, आणि म्हणतो की खुनी याच खोलीत आहे. पान उलटलं तर पुठ्ठा. पुढची पानं कसरीने नव्हे, कुणीतरी नीट फाडून नेलेली. कडेला अर्ध्या इंचाच्या पट्ट्या राहिल्यात, त्यांवर ओळींची सुरुवात दिसते: ‘आणि’, ‘तेव्हा’, ‘मी न’.

काकाला फोन केला. तो म्हणाला, “वकील गो. वकिलाशिवाय कोण असणार?” डिचोलीला आत्या असते, तिनेही ही ट्रंक लहानपणी फस्त केली होती. तिला गोष्ट सांगायला सुरुवात केली तर दुसऱ्या वाक्यालाच म्हणाली, “डॉक्टर! मला पक्कं आठवतंय.”

“अगं आत्ये, डॉक्टर पान ६० वर मरतो.”

“मरतो? मग ते दुसरं पुस्तक असेल. काकाला विचार.”

“काका म्हणतो वकील.”

“त्याला काय कळतंय? त्यानेच पानं फाडली असतील, मला छळायला.”

शनिवारी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. १८३२ साली पोर्तुगीजांच्या राज्यात सुरू झालेलं हे ग्रंथालय, आता नाव कृष्णदास शामा यांचं, ज्यांनी १५२६ साली मराठीत ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ लिहायला घेतली. आणि मी त्यांच्या दारात उभी राहून विचारतेय, “बंगला आहे, विष आहे, नाव माहीत नाही, मिळेल का?” काउंटरवरच्या बाईंनी न हसता मराठीचं कपाट दाखवलं, हे त्यांचं मोठेपण. तासभर चाळलं, ते पुस्तक काही सापडलं नाही. रहस्यकथाकार गुरुनाथ नाईकांची दोन घेऊन आले.

तर नोंदीत त्या पुस्तकापुढे ‘पानं ९४’ एवढंच लिहिलंय, बरोबरची खूण केलेली नाही. माझा स्वतःचा संशय धाकट्या सुनेवर आहे, कारण पान ३१ वर ती दुधाचा पेला स्वतः विसळते, तेही घरात दोन गडी असताना. काका आणि आत्या या मुद्द्यावर गेला आठवडाभर एकमेकांशी बोलतायत, एरवी चतुर्थीपुरतंच बोलतात.

गुरुनाथ नाईकांचं पहिलं आज सकाळी बोटीत उघडलं. आधी शेवटचं पान काढलं, डोळे बारीक करून मजकूर धूसर केला, खाली ‘समाप्त’ आहे एवढं बघितलं, आणि मग पान १.