मापाची आयर्न्स

गोल्फमध्ये हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) आठच्या आसपास आला की आयर्न्सबद्दलची, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबबद्दलची तक्रार बदलते. चेंडू उडत नाही हे रडगाणं मागे पडतं आणि नीट लागलेला चेंडू भलतीकडे का गेला, हे डोक्यात घोळायला लागतं. आयर्नचा नंबर जितका मोठा तितका फटका जवळचा, आणि पिचिंग वेज त्याहूनही जवळचं. माझे नऊ नंबरचे आणि पिचिंग वेजचे चांगले फटके ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) डाव्या कडेला पडत होते, पाच नंबरचे मात्र बऱ्यापैकी सरळ जात होते. फेस (चेंडूला लागणारी बाजू) वळवण्याची चूक स्विंगमध्ये असती तर ती सहसा लांब आयर्नमध्ये जास्त दिसली असती. इथे उलटं होत होतं, त्यामुळे संशय लायवर, म्हणजे क्लबचा दांडा जमिनीशी करतो त्या कोनावर गेला. त्यापायी दुकानातला तयार सेट सोडून मापाची आयर्न्स करून घेतली. ती करताना काय क्रम ठेवला आणि कुठे गफलत होते, ते लिहितो.

आधी तयारी. जुना सेट क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन प्रत्येक आयर्नचा लॉफ्ट (फेस मागे कललेला असतो तो कोन), लाय, लांबी आणि स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड वाटतं त्याचं माप) मोजून घ्या. हे कागदावर नसेल तर नवीन आयर्न जुन्यापेक्षा कशाने बरं वाटतंय, हे कधीच कळत नाही. फिटिंगला, म्हणजे माप द्यायला जाताना जुनं सात नंबर, कोर्सवर खेळता त्याच जातीचे सहा चेंडू आणि नेहमीचे बूट न्या. रेंजचे चेंडू वापरले तर स्पिन (चेंडूची फिरकी) आणि कॅरीचे (हवेतून गेलेल्या अंतराचे) आकडे भरवशाचे राहत नाहीत. अठरा होल खेळून थेट फिटिंगला जाऊ नका. दमलेलं शरीर हलका शाफ्ट (क्लबचा दांडा) मागतं, आणि आठवड्याने ताजेतवाने असाल तेव्हा तोच शाफ्ट हातात काडीसारखा वाटतो.

फिटिंग मुंबईत आणि खेळ पुण्यात असेल तर आणखी एक गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवा विरळ. तोच फटका येरवड्याच्या कोर्सवर मुंबईपेक्षा साधारण दोन टक्के लांब जातो, म्हणजे १५० यार्डांना तीन यार्ड. त्यामुळे लाँच मॉनिटरमध्ये (फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्रात) उंची आणि तापमान काय भरलंय, ते पहिल्या चेंडूआधीच विचारून घ्या.

सुरुवात उभं राहून घेतलेल्या मापांनी होते. माझी उंची १७३ सेंटिमीटर आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर साडेबत्तीस इंच. उंचीच्या मानाने हात लांब. तक्त्याप्रमाणे याचा अर्थ लांबी जवळपास स्टँडर्ड आणि लाय फ्लॅट, म्हणजे दांडा थोडा आडवा. पण हे माप शिंप्याच्या कच्च्या टाक्यासारखं असतं. स्विंगमध्ये माणूस किती वाकतो, हात किती वर येतात, शाफ्टचं टोक खाली किती झुकतं, हे उभ्या मापात दिसत नाही.

मग जुन्या सात नंबरने दहा चेंडू मारले. कोणते चेंडू मोजणीतून वगळायचे, ते इथेच ठरवून टाका. सपशेल चुकलेले, म्हणजे मॅटवर आपटून गेलेले किंवा टॉप झालेले (चेंडूच्या डोक्यावर लागलेले), तेवढेच वगळायचे. हे ठरलेलं नसेल तर प्रत्येक नवीन क्लबचे वाईट फटके पुसले जातात, जुन्याचे तसेच राहतात आणि पडद्यावर नवीन क्लब जिंकतो. माझी सरासरी अशी आली: क्लबचा वेग ताशी ८३ मैल, चेंडूचा ११२, लाँच (चेंडू सुटण्याचा कोन) साडेसतरा अंश, स्पिन मिनिटाला ६,४०० फेरे, कॅरी १५३ यार्ड. सात नंबरला सात हजार स्पिन हा जुना आडाखा आहे. त्याच्या जवळपास असलं की पुरे.

पहिला निर्णय शाफ्टच्या वजनाचा. फ्लेक्सचा (लवचिकपणाचा) नव्हे, वजनाचा. फ्लेक्सची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. एकाचा 'एस' (स्टिफ, कडक) दुसऱ्याच्या 'आर'च्या (रेग्युलरच्या) जवळ जातो. नावातल्या आकड्यावरही विसंबू नका: निप्पॉन या शाफ्ट कंपनीच्या मोडस १२० चा स्टिफ शाफ्ट ११४ ग्रॅमचा आहे. मी तीन वजनं मारून पाहिली: १३० ग्रॅमचा डायनॅमिक गोल्ड एस३००, हाच ११४ ग्रॅमचा मोडस आणि १०६ ग्रॅमच्या आसपासचा मोडस १०५. प्रत्येकाचे आठ चेंडू, आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती. १३० ग्रॅमचे पहिले पाच चेंडू सगळ्यात सुंदर गेले, सहाव्यापासून चेंडू उजवीकडे राहू लागले. कोर्सवर चौदाव्या होलनंतर हेच झालं असतं. मोडस १०५ ने कॅरी तीन यार्ड वाढली, पण डावी-उजवी पसरण जवळपास दुप्पट झाली. ११४ चा सगळ्यात लांब चेंडू या तिघांत सगळ्यात आखूड होता आणि सगळ्यात वाईट चेंडू सगळ्यात कमी वाईट. मी तो घेतला.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते हेड निवडताना. शोरूममध्ये सात नंबरने १६५ यार्ड गेलं की डोळे विस्फारतात. क्लबच्या तळावर सात लिहिलंय, पण लॉफ्ट किती? हल्ली खूपशा सात नंबरचा लॉफ्ट २८ ते ३० अंश असतो, पूर्वीच्या ब्लेडचा (पातळ, सपाट पाठीच्या आयर्नचा) ३४-३५. म्हणजे हातात जवळजवळ जुनं सहा नंबर असतं. साडेएकोणतीस अंशांच्या एका हेडने माझी कॅरी १६४ झाली खरी, पण स्पिन ५,२०० वर आणि चेंडू उतरण्याचा कोन ४२ अंशांवर आला. ३३ अंशांच्या फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या), मागे छोटी कॅव्हिटी (खोलगट भाग) असलेल्या हेडने कॅरी १५४, स्पिन ६,५००, उतरण्याचा कोन ४७. टणक ग्रीनवर चेंडू थांबायचा असेल तर ४५ च्या वरचा कोन लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडच्या ग्रीनवर ४२ अंशांनी उतरलेला चेंडू मागच्या बंकरमध्येच शोधावा लागतो. दहा यार्ड हवे असतील तर पिशवीत सहा नंबर आहेच.

हेड बघताना फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारून चेंडू कुठे लागतोय ते बघा. आवाजावर आणि हाताला लागणाऱ्या मऊपणावर जाऊ नका. माझे फटके हीलकडे (डोक्याच्या दांड्याजवळच्या टोकाकडे) जमत होते, मध्यापासून साधारण एक सेंटिमीटर. लांबी पाव इंचाने कमी केली तेव्हा ते मध्याकडे सरकले. लांबी कमी केली की स्विंगवेट उतरतं: अर्ध्या इंचाला साधारण तीन अंक, म्हणजे पाव इंचाला दीड. हेडमध्ये दोन ग्रॅम घातले की एक अंक परत चढतो. डी-२ हे स्विंगवेट कायम ठेवायचं तर शाफ्टच्या टोकात तीन ग्रॅमचं वजन बसवावं लागतं. ऑर्डरच्या कागदावर हे लिहून घ्यायला लागतं, नाहीतर आखूड केलेला सेट हलक्या डोक्याचा येतो आणि खेळणारा महिनाभर स्वतःच्या लयीला दोष देत बसतो.

ग्रिप बरेच फिटर शेवटी विचारतात. माझ्या मते ती लायच्या आधी ठरवावी, कारण जाडी बदलली की हातांची हालचाल बदलते. डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकली म्हणजे माप बरोबर. स्टँडर्ड ग्रिपखाली टेपचा एक जादा थर म्हणजे इंचाचा सुमारे चौसष्टावा भाग. माझे दोन थर.

आता लाय. ती सगळ्यात शेवटी, कारण शाफ्ट, लांबी आणि ग्रिप यांतलं काहीही बदललं की ती हलते. लाय बोर्डवर (कडक फळीवर) सोलला, म्हणजे डोक्याच्या तळाला टेप लावून मारलं तर माझी खूण हीलकडे येत होती, म्हणजे आघाताच्या वेळी टो (डोक्याचं बाहेरचं टोक) वर. बोर्डवर मारताना मात्र माणूस नकळत स्विंग जपून करतो. म्हणून चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने उभी जाड रेघ काढायची, ती फेसच्या बाजूला सरळ ठेवून मारायचं आणि फेसवर उमटलेली रेघ बघायची. रेघ खाचांशी काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-कडे झुकलं असेल तर क्लब जास्त अपराइट (दांडा जास्त उभा) आहे, हीलकडे झुकलं असेल तर जास्त फ्लॅट. चार-पाच चेंडूंची सरासरी घ्या, एकावर निकाल देऊ नका. माझं उत्तर आलं: लाय दोन अंश फ्लॅट करायची.

वेज डावीकडे आणि पाच नंबर सरळ, हे कोडंही इथे सुटलं. लाय एक अंशाने चुकली की फेस किती वळतो, ते लॉफ्टवर ठरतं. २६ अंशांच्या पाच नंबरला साधारण अर्धा अंश, ४६ च्या वेजला पूर्ण एक. दोन अंशांची चूक असेल तर वेजचा फेस दोन अंश डावीकडे बघतो, म्हणजे ११५ यार्डांवर नुसत्या दिशेतूनच सुमारे चार यार्ड, वर चेंडूचं वळण वेगळं. मी दोन वर्षं खांदे उघडे-बंद करत होतो ते याच चार यार्डांसाठी.

वाकवण्याबद्दल दोन शब्द. फोर्ज्ड कार्बन स्टील दोन अंश सहज वाकतं. १७-४ सारख्या कास्ट (साच्यात ओतलेल्या) स्टेनलेसला जबरदस्ती केली तर होझल (शाफ्ट बसतो ती नळी) तडकू शकतो. लॉफ्ट वाकवला तर बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) बदलतो: लॉफ्ट एक अंश स्ट्राँग, म्हणजे कमी केला की बाउन्स एक अंशाने कमी. पावसाळ्यात भिजलेल्या फेअरवेवर कमी बाउन्सची धार जमिनीत रुतते. मे महिन्यात जास्त बाउन्सचा रुंद सोल टणक जमिनीवरून उसळतो आणि चेंडू थिन (खालच्या धारेने) लागतो. मॅटवर यातलं काहीच कळत नाही, फॅट (चेंडूआधी जमिनीला लागलेला) फटकासुद्धा घसरून चेंडूपर्यंत पोचतो. म्हणून डेमो क्लब घेऊन गवतावरून वीस चेंडू मारायची परवानगी मागा. मी मध्यम बाउन्स आणि मागची कड घासलेला सोल घेतला.

शेवटी सेटची जुळणी. पाच ते पिचिंग वेज, सहा क्लब. लॉफ्ट २६, २९.५, ३३, ३७, ४१, ४६. पाच आणि सहा नंबरच्या कॅरीत फक्त सात यार्डांचं अंतर येत होतं. माझ्या वेगाला २६ अंशांचं छोटं हेड चेंडू पुरेसा उचलत नव्हतं. म्हणून पाच नंबर त्याच कंपनीच्या थोड्या मोठ्या हेडचं घेतलं आणि चार नंबरच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब). स्ट्राँग लॉफ्टच्या सेटमध्ये पिचिंग वेज ४३-४४ चं असतं आणि खाली एक जादा वेज लागतं. नियमाने चौदाच क्लब नेता येत असल्यामुळे त्याच्यासाठी वरचा, लांब पल्ल्याचा एक क्लब कमी करावा लागतो.

सेट आला की पिशवीत भरण्याआधी पुन्हा मोजा. माझा सव्वादोन महिन्यांनी आला. आठ नंबरची लाय सव्वा अंश अपराइट होती आणि दोन क्लबचं स्विंगवेट डी-४. फिटिंगचा कागद सोबत होता म्हणून वाद न होता पंधरा मिनिटांत लाय वाकवून मिळाली, स्विंगवेटला आठवडा गेला. फोर्ज्ड हेड मॅटवर आणि टणक जमिनीवर आपटून हळूहळू हलतात, त्यामुळे दर वर्षी पावसाळा संपला की सहाही क्लब लाय मशीनवर चढवतो. गेल्या ऑक्टोबरला नऊ नंबर पाऊण अंश सरकलेलं निघालं, सरावाला सगळ्यात जास्त तेच वापरलेलं होतं.