टेकडीवरचा साग, नाल्यातला साग

आज ताडोबाजवळच्या मोहर्लीकडून गाडीवर येत होतो. टेकडीवरचा साग पार खराटा झालेला, अन् खाली नाल्याकाठी तोच साग अजून पानं धरून! जात एक, ऊन एक, फरक जमिनीचा. उथळ मुरमात ओल टिकत नाही, पानांतून पाणी उडतच राहतं, म्हणून झाड देठाशी पेशींचा थर तयार करून पान सोडून देतं. परतीचा पाऊस लांबला की पानगळही मागे सरकते. मामा म्हणाले, "यंदा दिवाळीलोक (दिवाळीपर्यंत) पाणी होतं ना बाप्पा!" बरोबरच. पण खरं नवल कुसुंबाच्या झाडाचं. मार्चच्या रखरखाटात, पावसाचा थेंब नसताना लालभडक पालवी! खोल मुळं अन् पानं झडल्यावर खोडात साठलेलं पाणी, यावर सगळा थाट. फुलं वेचायला मोहाच्या झाडाखालचा पाला जाळणाऱ्यांनो, जरा जपून हो, वारा सुटलाय.